पोरीचा पाय

बाबा, तुमच्या नातवाने तुमची जीप रंगवून घेऊन अंगणात मांडली आहे. तिच्याशेजारी लावायच्या पाटीसाठी त्याने माझ्याकडे दोन ओळी मागितल्या, म्हणून हे लिहावं लागतं आहे. ओळी त्याला तोंडपाठच आहेत. लेकीचा पाय दुखतो म्हणून आजोबांनी स्वतः गाडीत हातरेस, म्हणजे पायाऐवजी हाताने ओढायची रेस, बसवली. घरात सगळे हेच सांगतात, आणि सांगताना माझ्याकडे कौतुकाने बघतात. माझा पाय कधीच दुखत नव्हता, बाबा.

मी कॉलेजात होते. सुट्टीत तुमच्याबरोबर लोकांच्या खळ्यांवर मळणीला यायची. खळ्यावर पोचलं की तुम्ही जीपचं मागचं चाक जॅकवर उचलायचात, त्यावरून पट्टा मळणी यंत्राला जोडायचात आणि मी ड्रायव्हरच्या जागेवर बसून रेसवर पाय ठेवायची. पेंढी जाड आली की यंत्राचा आवाज जड होतो, तेव्हा थोडं दाबायचं. मोकळा झाला की सोडायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. भुसा नाकातोंडात जायचा, पण तिथून मी उठत नसे. "माझी पोरगी बसली की यंत्र एका सुरात चालते," असं तुम्ही चारचौघांत म्हणायचात. पुढच्या सुगीला गिअर शिकवीन, हेही तुम्हीच म्हणाला होतात. मी विसरले नाही.

साखऱ्याच्या खळ्यावर, लग्नासाठी मला बघायला आलेल्यांपैकी एक काका चहा पीत उभे आहेत. बशीत फुंकर मारत तुम्हाला म्हणतात, "काय हो, पोरगी मास्तरीण करायची का ड्रायव्हरीण?" सगळे हसतात. मीही हसते, कारण तुम्ही काहीतरी ठणकावून बोलणार याची मला खात्री आहे. तुम्ही बशी खाली ठेवता आणि पट्टा बघायला जाता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चुलीजवळची सांडशी उचललीत. खिळा उपटून तिचे दोन दांडे वेगळे केले. माय ओरडली, "माझी सांडशी काहून गाडीच्या घशात घालून राहिले? आता पातेलं काय तुमच्या मिशीनं उतरवू?" तुम्ही म्हणालात, "नवी आणतो ना." आणली नाहीत. माय पुढे कित्येक दिवस पदराने पातेली उतरवत होती.

मी अंगणात तुमच्यासमोर बसले. एक दांडा घासून गुळगुळीत केला. सायकलच्या ब्रेकची तार पुढून आत ओढली, तुम्ही बोनेटखाली वाकलेले, मी स्टिअरिंगपाशी. "ओढ. थोडं सोड. बस्स, बराबर." दांडा ओढला की रेस वाढायची, आणि दोन कानांचा एक नट हाताने आवळला की तो तिथेच राहायचा. इंजिन एका लयीत गुरगुरत राहिलं तेव्हा मी टाळी वाजवली. मला वाटलं, गिअर शिकायला पाय मोकळा हवा, म्हणूनच ही सोय. किती हुशार होते मी.

पुढच्या खळ्यावर मी जीपचं दार उघडलं, तर तुमचा हात दारावर. "राहू दे. आता तिथं कुणी बसायचं काम नाही." तुम्ही नट आवळला. जागा रिकामी आणि यंत्र चालू. शेतवाल्याने विचारलं, "काहून, आज बाई नाही इंजिनावर?" तुम्ही त्याच्याकडे न बघता म्हणालात, "पाय दुखून राहिला पोरीचा." मी तिथेच उभी होते, दोन्ही पायांवर.

त्या काकांच्या घरचं स्थळ जमलं नाहीच. पुढे मी शिकले, नोकरी केली, घर चालवलं. गाडी मात्र शिकले नाही. तुम्ही एकदा खरं बोलला असतात, की लोक हसले आणि तुम्हाला लाज वाटली, तर मी भांडले असते आणि कदाचित विसरलेही असते. पण तुम्ही मला दुखणं दिलंत आणि स्वतः मायाळू बाप झालात. त्या दुखण्यावर लोक पन्नास वर्षं मला खुर्ची देत आले आहेत.

आता गुडघा खरंच दुखतो, उजवा. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तुमचं खरं ठरेल. जिना चढताना एकदा थांबते आणि चप्पल नीट करते आहे असं दाखवते.

पाटीच्या ओळी मी लिहिल्या नाहीत. त्याला म्हटलं, तुझं तू लिही. तुम्ही गेल्यावर जीपमधून काढून ठेवलेली हातरेस मात्र आज दिली. सांडशीचा दांडा एक, गंजलेली तार एक, दांडा बसवायची पट्टी एक. नातवाच्या हाती, सकाळी, ओट्यावर. नट दिला नाही. तो हरवला असं सांगितलं. त्याच्याशिवाय दांडा जागेवर राहत नाही. कुणाला तरी तिथे बसून धरावा लागेल.