चौथ्यापासून सुरुवात

आई,

गेल्या महिन्यात सावेडीतल्या वाचनालयात गेले होते. लेकीला राक्षसांच्या नगरपालिकेवरची ती विनोदी कादंबरीमाला वाचायची होती. फळीभर पुस्तकं, सुरुवात कुठून करायची ते कळेना, म्हणून मी आपलं पहिलं मागितलं. पहिलं पान सोडून पुढचं उघडणाऱ्याला तू राजूरच्या शाळेत वर्गाबाहेर उभं करायचीस. मीही उभी राहिले आहे, मधलं एक चित्र बघितलं एवढ्यावरून.

ग्रंथपाल काका म्हणाले, "पहिलं नका नेऊ. लेखकाचा हात बसला नव्हता तवा. चौथ्यापासून चालू करा, मग मागं या. आमच्या बाई सगळ्यांना हेच सांगायच्या."

"कोण बाई?"

त्यांनी तुझं आडनाव घेतलं. म्हणाले, "राजूरला गणित शिकवायच्या त्या."

मी तिथल्या बाकावर बसलेच. निवृत्तीनंतर तू रोज दुपारी गुडघ्यांच्या व्यायामाला जायचीस ना? मीच तर तुला स्कूटरवरून या वाचनालयाच्या कोपऱ्यापर्यंत सोडायचे. काका सांगत होते, "लई हसायच्या. बाकीचे तक्रार करायला लागले, मग मी व्हरांड्यात खुर्ची टाकून दिली. राक्षस नळजोड मागायला रांगेत उभा राहतो ना, तिथं तर डोळ्यांतून पाणी यायचं त्यांच्या."

"काका, तुम्ही दुसऱ्या कोणाबद्दल बोलताय. माझी आई हसत नसे."

त्यांनी माझा चेहरा नीट न्याहाळला. मग हळूच म्हणाले, "हनुवटी तुमच्यासारखीच हुती की."

घरी आल्यावर मी चहा टाकला. या ओट्याशी आपण दोघी किती वर्षं उभ्या राहिलो. तू पोळ्या लाटते आहेस, मी भाजते आहे, आणि बोलणं काय, तर तवा तापलाय, पीठ संपत आलंय. तेव्हा तुझ्या डोक्यात तो राक्षस रांगेत उभा असायचा का? मला एखादं वाक्य तरी वाचून दाखवायचंस. की मला ते हसण्यासारखं वाटणार नाही, अशी तुला खात्री होती?

लेक आत चौथं वाचते आहे, मोठ्यानं हसते आहे. हे पत्र कुठं टाकणार, राहील इथंच. एक सांगते फक्त. पाचवं आणि सहावं मी न उघडताच परत करून आले. पुस्तक बदलायला गेलं, की काका तुझं आणखी काहीतरी सांगतात.