आय बसायची ती भिंत

आबा, आज दुपारी सुनेने हाक मारली, "बाबा, या लवकर, तुमचं किचन लागलंय टीव्हीवर!" मी आता रोह्याला, पुलापलीकडे अष्टमीत थोरल्याकडे असतो. मी जिचा सेट बांधला ती जुनी विनोदी मालिका परत दाखवतायत. घरातले हसतात आणि मी दाराशी उभा राहून सांधे बघतो, कुठे प्लाय फुगलेला दिसत नाही ना. तो सेट मोडून जळणात गेला त्याला किती वर्षं झाली, तरी धास्ती जात नाही.

मी काय काम करायचो ते तुम्ही कधी ऐकूनच घेतलं नाहीत. सातवी नापास झाल्यावर तुमच्याबरोबर पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंगाला बसलो, तेव्हा एका मूर्तीची पाठ मी पांढरीच सोडली होती. तुम्ही सगळ्या कारागिरांसमोर ती माझ्या मांडीवर ठेवलीत. "पाठ कोण बघतोय, असं म्हणालास ना? मंग तूच बघ. सांजपर्यंत बघत बस." मी बसलो. पुढे मुंबईला सेटच्या सुतारांत गेलो, कारण तिथे पाठ रंगवावी लागत नव्हती.

त्या मालिकेला तीन कॅमेरे एकदम चालायचे. म्हणून घराला भिंती तीनच, चौथीच्या जागी कॅमेरे. कॅमेऱ्याला पाठ करायची नाही, म्हणून जेवायला सगळे टेबलाच्या एकाच अंगाला. तिन्ही कॅमेऱ्यांना सारखं दिसावं म्हणून उजेड वरून सपाट, सावली नाही, काजळी नाही. हसणं मागाहून टेपवरून घालायचे. त्यांना गावचं स्वयंपाकघर हवं होतं. मी आपल्या घरचंच दिलं, दुप्पट रुंद करून. चूल, फडताळ, मडक्यांची उतरंड, परसाकडचं दार. साहेबांनी पाठ थोपटली, आणि मी मूर्खासारखा तुम्हाला बोलावून बसलो. आय जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

तुम्ही एसटीने येता, हातात पोह्याच्या पापडांची पुडी. सेटच्या कडेला चपला काढता. सेटवरची पोरं फिदीफिदी हसतात. तुम्ही चुलीशी वाकता, फडताळावरून हात फिरवता. मला वाटतं, आता काहीतरी बरं बोलाल. मग तुम्ही उलटे चालत कॅमेऱ्यांच्या मधे येऊन उभे राहता.

"तुझी आय कुठं बसायची?"

तुम्हीच पायाशी बोट दाखवता.

"इथं. भिंतीला टेकून. ती भिंत कुठं हाय?"

"आबा, इथं भिंत घातली तर कॅमेरा कुठून बघंल?"

"म्हंजे तिला उठवलीस."

"आजोबा, जरा बाजूला," कुणीतरी ओरडतं. तुम्ही चपला घालता. पुडी तशीच परत नेता. त्यानंतर डोळे मिटेपर्यंत तुम्ही माझ्याशी पाऊसपाण्यापलीकडे बोलला नाहीत.

पण आबा, तुम्ही तरी त्या स्वयंपाकघरात कधी बसलात? तुमचं ताट ओसरीवर यायचं. मीठ कमी झालं तर तिथूनच खेकसायचात. तिच्या टेकायच्या जागेला उभ्या जन्मात चुन्याचा हात तुम्ही लावला नाहीत. आणि ती गेल्यावर तिची जागा मला दाखवायला मुंबईला आलात. हे तेव्हाच तोंडावर बोलायला हवं होतं. ते राहिलं.

आता हा लिहिलेला कागद सुनेच्या जुन्या वहीत घडी करून ठेवीन, दुसरं काय करणार. आपलं स्वयंपाकघर आठवायला गेलो की टीव्हीवरचंच येतं, लख्ख, रुंद, आणि आय कुठेच नाही. तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता का तिथे? खुंटी होती का? आणि कॅमेऱ्याचं मी सांगितलं ते पुरतं खरं नव्हतं. एक भिंत काढायचीच होती, पण कुठली ते मला कुणी सांगितलं नव्हतं. परसाकडच्या दाराची भिंतही काढता आली असती. आय बसायची तीच काढली, कारण त्या भिंतीवर काय होतं ते मला तेव्हाही आठवत नव्हतं.