तुऱ्याचा रंग

माय, तू मला पाठवलेलं ते गवत कोणतं होतं? तुला जाऊन अठरा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांनी विचारायला मला हाच प्रश्न सापडावा, याचं माझं मलाच हसू येतं. पण रिटायर झाल्यापासून मी याच प्रश्नामागे हात धुऊन लागले आहे. अकोल्याच्या माझ्या घरी कुंपणाच्या भिंतीला लागून आता गवतांची रांग आहे. पवन्या आहे, मारवेल आहे, कुसळी आहे. सगळी आपल्या मोर्शीकडच्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून उपटून आणलेली. शेजारच्या काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की मास्तरीण रिटायर झाली आणि गवत राखायला लागली. त्यांचं चुकत नाही. दरवर्षी भादव्यात एकेकाला तुरा येतो, मी चष्मा पुसून त्याच्यासमोर उभी राहते आणि मनात म्हणते, हेच का ते?

तुझ्या हाताला गवत सहन होत नसे. शेतात तर नाहीच, पण दुसऱ्याच्या दारातही नाही. मामेबहिणीच्या लग्नात वरातीला उशीर झाला तेव्हा तू नव्या लुगड्यानिशी मांडवाच्या कडेला बसून यजमानांचं अर्धं अंगण निंदून काढलं होतंस, आणि नवरीची आई ओशाळून तुझ्यासमोर सरबत घेऊन उभी होती. मोर्शीच्या बसस्टँडवर सिमेंटच्या फटीतली हरळीसुद्धा तू बोटानं उचकायचीस. आणि उपटलेलं गवत तू कधी नुसतं फेकलं नाहीस. ओल्या मातीत पडलं की ते पुन्हा धरतं, म्हणून मुळांची माती झटकायची, आणि मुळं उन्हाकडे करून एकेक जुडी उलटी ठेवायची. मी लहानपणी तुझ्या मागे मागे फिरत तेच करायचे. एखादी जुडी सुलटी ठेवली की तू ती उलटी करून पुढे सरकायचीस.

म्हणून त्या दिवशी मी शाळेतून परत आले आणि फाटकातूनच मला काय झालंय ते कळलं. तू मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आली होतीस, आणि ते होऊन पाच दिवस झाले होते. डॉक्टरांनी वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही, असं दोनदा बजावलं होतं. आणि अमरावतीच्या नर्सरीतून हौसेनं आणून भिंतीशी लावलेलं माझं शोभेचं गवत, अकराच्या अकरा ठोंब, भिंतीवर ओळीनं उलटे ठेवलेले होते. मुळं आभाळाकडे. चैत्राच्या उन्हात चार तास. तू काळा चष्मा लावून पायरीवर बसली होतीस आणि चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला अजून आठवतं. म्हणालीस, "तुह्यानं होत नाई तं सांगत जाय ना वं. केवढं माजलं होतं." लेकीच्या घरी आठ दिवस बसून खाल्लं, त्याची तू तुझ्या परीनं परतफेड केली होतीस. हे आज कळतं. तेव्हा मी म्हटलं, "यासाठी डोये करून देले का तुले?"

तू उठून मोरीवर गेलीस, हात धुतलेस, नखांतली माती काडीनं काढलीस. मी डाळ शिजायला टाकली आणि भांडी जरा जास्तच आपटली. स्वयंपाकघरात आपण दोघीच. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. मग तू विचारलंस, "मानूस गवत लावते?" त्यात टोमणा नव्हता. वर्गात पहिल्या बाकावरची पोरगी विचारते तसं तू ते खरोखर जाणून घ्यायला विचारलं होतंस. मी विज्ञान शिकवणारी बाई, कोणत्याही पोरीचा प्रश्न मी कधी उडवून लावला नाही. तुला मात्र म्हटलं, "लावते. तुले नाई समजाचं." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तू न्यायला आलेल्या माझ्या भावासोबत गावी गेलीस.

श्रावणात भाऊ बाजाराच्या कामानं अकोल्याला आला. हातात ओल्या पोत्यात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं गाठोडं होतं. तो दारातूनच हसत होता. "ताई, मायनं तुह्यासाठी गवत पाठोलं. म्हने, याले तुरा चांगला येते. भितीपाशी लाव म्हने." त्याच्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मला वाटलं, तू मला चिडवतेस, गावभर सांगून हसतेस की माझी लेक गवत पोसते. भाऊ गेल्यावर मी ते गाठोडं तसंच उचललं आणि मागच्या खिडकीत, कूलरच्या स्टँडखाली सरकवून दिलं. वर छज्जा, त्यामुळे तिथे पावसाचा थेंब येत नव्हता. कूलर बंद होता. मग मी विसरले, किंवा विसरले असं म्हणते.

तू पौषात गेलीस. चैत्रात मी कूलर सुरू केला, त्याच्या वाळ्याच्या ताटीतून पाणी ठिबकायला लागलं, आणि पंधरा-वीस दिवसांनी त्या कुजलेल्या पोत्यातून काहीतरी हिरवं वर आलं. आधी मला वाटलं शेवाळ. मग बारीक गोल पानं आली, आणि काळेभोर, केसासारखे देठ. मी फरशीवर बसून एक पान उलटून पाहिलं. तो हंसराज होता, माय, आपल्या विहिरीच्या दगडांतला. मी बावीस वर्षं फळ्यावर नेच्याचं चित्र काढलं, त्याला फूल नसतं, बी नसतं, पानामागच्या भुकटीतून तो वाढतो असं पोरींना लिहून दिलं, पण तो आपण होऊन उगवताना कधी पाहिला नव्हता. तुझं गवत तर वाळून काडी झालं होतं. त्याच्या मुळांशी धरलेल्या काळ्या मातीत विहिरीवरची ती भुकटी अकोल्यापर्यंत आली होती आणि पाण्याची वाट पाहत पडून होती. आज त्या कूलरमागे माझ्या बत्तीस कुंड्या आहेत. पंचेचाळीस डिग्रीत लोक म्हणतात अकोल्यात नेचे जगत नाहीत. जगतात, कूलर चालू ठेवला तर.

पण मला त्या हंसराजानं एका प्रश्नात अडकवून ठेवलं. गवत धुऱ्यावरचं असेल तर त्याच्या मातीत विहिरीतली भुकटी आली कुठून? इतकी वर्षं मी हे कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर गाठोड्याचं काय झालं हे सांगावं लागलं असतं. शेवटी या आषाढात, आखाडीच्या सणाला भावाच्या घरी गेले तेव्हा भावजयीजवळ बोलले. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "ताई, ते तं मायनं दोन महिने घमेल्यात ठुलं होतं. विहिरीवर, पानी पडते त्या थारोळ्याच्या दगडापाशी. रोज पानी घाले. मी हासो तं म्हने, तिले जिवंत गेलं पाह्यजे." मी विचारलं, कोणतं गवत? तिला सांगता येईना. ती तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, आणि गवतानं मूळ धरावं म्हणून तू पानं वरून छाटून टाकली होतीस. "एक आठवते," ती म्हणाली. "घमेलं खाली नोको ठेवू म्हने. जमिनीले लागू देऊ नोको."

मी हातातला घास ताटात ठेवला. जमिनीला लागू द्यायचं नाही असं गवत आपल्या शेतात एकच, कुंदा. एक कांडी मातीत राहिली की वावरभर पसरणारा. त्याच्यासाठी तू हातभर खोल खणायचीस, त्यानं तुझ्या बोटांना चिरा पडायच्या आणि रात्री तू त्यांत तेल सोडायचीस. मी जन्मले त्या घरात कुंद्याचं नाव सगळे शिवीसारखं घ्यायचे. त्याला तुरा येतो हे मला माहीतच नव्हतं, तू कधी येऊ दिलास तर ना. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "कुंद्याले तुरा? लोकं येऊ देतीन तवा ना." मग तुला कसं ठाऊक, की त्याला तुरा चांगला येतो? कधी तरी, कुठे तरी धुऱ्याच्या कोपऱ्यात तू एखादा ठोंब न उपटता सोडून दिला असशील. कधी? कुणाला न सांगता? आणि तो पाहायला किती वेळ थांबली असशील?

भावजयीनं भावाच्या नकळत मला कुंद्याची एक जुडी खणून दिली. मी ती मोठ्या कुंडीत लावली आहे आणि कुंडी विटांवर ठेवली आहे, जमिनीला लागू नये म्हणून. फोनवर बोट फिरवलं तर त्याच्या तुऱ्याचे पन्नास फोटो दिसतील. मी पाहत नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन कुंडीशी जाते. कालपासून एका काडीचं शेवटचं पान फुगलं आहे, आत काहीतरी आहे.

आता राहिलेलं सांगते. त्या वर्षी दसऱ्याला तुझा फोन आला होता. तू विचारलंस, "लागलं का वं?" मी म्हटलं, लागलं. "तुरा आला?" मी म्हटलं, आला. "कसा दिसते?" गाठोडं तेव्हा कूलरखाली होतं, त्याची सुतळीही मी सोडली नव्हती. मी म्हटलं, "पांढरा आहे. छान दिसते." तू मग म्हणालीस, "असंन. औंदा पानी चांगलं होतं." आणि शाळेतल्या पोरींच्या परीक्षांचं विचारलंस.

तुरा पांढरा निघाला तर मी योगायोगानं सुटले, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलीस. पण खरं सांगू, माय, तो पांढरा निघू नये असंच मला वाटतं. जांभळा निघू दे, तांबडा निघू दे. मग त्या दिवशी तुला सगळं कळलं होतं, आणि तरी तू पावसापाण्याचं बोललीस.