डबीत जागा करताना

पिशोर, ता. कन्नड

चि. प्रांजलीस सूर्यभानकाकाचे पोटभर आशीर्वाद. चिकलठाण्याला तुझी कंपनी, खोली आणि तब्येत ठीक असेल, जेवण वेळेवर करत असशील. इकडं सगळं खुशाल आहे. फोन तुझी काकू लेकीच्या बाळंतपणासाठी सिल्लोडला घेऊन गेली, म्हणून पत्र. (तिला यातलं काही कळू द्यायचं नाय, हेही एक कारण.)

तू दिलेली ती कॉम्प्युटरची डबी झकास चालली होती. दिवस मावळला की भोंग्यातून काकूची रेकॉर्ड केलेली हाक सोडायची आणि मेंढ्या ओढा उतरून वाड्यात यायच्या. काकूशिवाय त्या कुणाचं ऐकत नाहीत, तुला ठाऊक आहे. मी हाक मारली तर कुत्रं येतं. पण तू चिठ्ठीवर लिहिलं होतंस, महिन्यातून एकदा अपडेटची ओळ टाइप करा. मी माणूस शिस्तीचा. टीव्हीला डबी जोडली, ओळ टाइप केली. डबी म्हणाली, यादी वाचतेय. माझा चहा झाला, तरी वाचतेय. मग पडद्यावर एकच शब्द आला, किल्ड. म्हणजे मारला. कोण मारला ते काय सांगेना. मी आधी जाऊन मेंढ्या मोजल्या. सगळ्या होत्या.

नानासाहेब गुरुजींना बोलावलं (रिटायर झाल्यापासून त्यांना सगळंच येतं). म्हणाले, मेमरी पुरत नाय, जागा करा. केली. लग्नाचे फोटो पुसले (त्यात माझा डोळा तसाही मिटलेलाच होता), गुरुजींचं निरोपाचं भाषण पुसलं (त्यांच्यासमोर नाय). तरी मारला. शेवटी एकच फाइल उरली, काकूची हाक. म्हटलं, अपडेट झालं की नवी होऊन येईल. तीही पुसली. तरी मारला.

मग गुरुजींनी तुझी चिठ्ठी उलटी केली. मागं लिहिलेलं, पुसून उपयोग नाही, साठवण वेगळी आणि मेमरी वेगळी. म्हणजे एक कणगी आणि एक सूप, कणगी रिकामी केली म्हणून सूप मोठं होत नाय. इथवर समजलं. पण तू खाली लिहिलेला तो डबीत सामान आणणारा पॅकेज मॅनेजर, त्याला एक वस्तू आणायला साठ हजार नावांची यादी एकदम सुपात कशाला लागते? मला एक मेंढी कातरायची तर मी अख्ख्या तालुक्याची मेंढरं वाड्यात कोंबतो व्हय? लई डोकं लावलं, उलगडा होईना.

असो. तू काळजी करू नको.

तुझा काका,
सूर्यभान

ता.क. सगळं खुशाल म्हटलं ते सवयीनं. चार दिवस झाले, मेंढ्या ओढ्यापल्याडच आहेत आणि त्यांच्याबरोबर मीही. हे पत्र तिथंच दगडावर बसून लिहितोय. शेजारचा कडूबा भाकरी आणून देतो आणि लांडगा दिसल्याचं रोज सांगतो.

ता.क. दोन. हाकेची नक्कल तुझ्याकडं असेल तर पाठव. नसेल तर काकूला काहीतरी सांगून परत बोलाव. मला बोलावता येत नाय. जाताना मीच म्हणालो होतो, जा खुशाल, आता डबी आहे. काकू पिशवी उचलून मागं न बघता निघाली.

ता.क. तीन. ती येत नाय म्हणून अडून बसली तर तिला एवढंच सांग, की भर दुपारी काही काम नसताना मी ती हाक लावून ऐकत बसायचो. मेंढ्या चरायचं सोडून घरी यायच्या आणि मला त्यांना परत हाकलावं लागायचं.