होटगीच्या वाटेवरचं जास्तीचं वळण

जुळे सोलापूर,
शुक्रवार, दुपार

प्रिय त्रिंबकराव,

'प्रिय' लिहिलं खरं, पण त्याआधी तीन कागद फाडले. पहिल्यावर 'आदरणीय' होतं, ते शिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज केल्यासारखं दिसायला लागलं. दुसऱ्यावर 'स. न. वि. वि.', ते थेट लग्नपत्रिकेसारखं. तिसऱ्यावर नुसतंच 'त्रिंबकराव' लिहिलं, तर वर्गातल्या पोराला बाकावर उभं करतेय असं माझं मलाच वाटलं. तेहतीस वर्षं पोरांना भूगोल शिकवलेल्या बाईची ही गत. परवा रविवारी तुमचा प्रदीप गाडी घेऊन येतोय आणि तुम्ही त्याच्याबरोबर कायमचे पुण्याला चालला आहात, हे मला मंडळातल्या पारूबाईंकडून कळलं. तुम्ही स्वतः सांगितलं नाहीत याचा मला राग आलाय, तो आधीच सांगून टाकते. पण तुम्ही जायच्या आधी मलाही तुम्हाला काही सांगायचंय. ते तुमच्या मोडलेल्या घोट्याबद्दल आहे. चार वेळा फोन हातात घेतला आणि चार वेळा खाली ठेवला. एकदम सांगायला जमणार नाही, हळूहळू येते तिथपर्यंत. तुम्हाला सावकाश चालायची सवय आहेच.

आधी आपल्या पायी मंडळाची खबर. गेल्या रविवारी आम्ही एकोणीस जण होतो. सहाला पाण्याच्या टाकीखाली जमलो आणि कुमठ्याच्या अंगानं शेतात उतरलो. ज्वारी हुरड्याच्या पुढं गेलीय, कणसं पिवळी पडायला लागलीत. धुकं इतकं होतं की मागं वळून पाहिलं तर चार माणसं दिसायची आणि त्यापुढं नुसती बोलणी ऐकू यायची. अशा वेळी मला वाटतं की आपण चालतच नाही, जमीनच हळूहळू मागं सरकतेय आणि आपण उगाच पाय हलवतोय. तुमच्या जागी शेपूट म्हणून बँकेतल्या दिग्विजयला ठेवलाय. सगळ्यांच्या मागं राहायचं, कुणाला एकटं पडू द्यायचं नाही, एवढं साधं काम. तीन वेळा समजावून सांगितलं. पण तो फोनवर किती पावलं झाली ते बघत बघत मधल्या बायकांच्याही पुढं निघून येतो. पारूबाई मागं एकट्याच राहिल्या आणि धुक्यातूनच ओरडल्या, "बाई, शेपूटच डोक्याफुडं पळाया लागल्यावर जनावरानं जायाचं कुटं?" सगळे हसले. मीही हसले, पण मला तुमची आठवण आली.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दिवस मला लख्ख आठवतो. मी रिटायर झाल्यावर सहा बायकांना घेऊन हे पायी मंडळ काढलं, त्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. तुम्ही टाकीच्या कट्ट्यावर बसला होता आणि विचारलंत, "बाई, ह्यात गडीमाणूस चालतो का?" मी म्हटलं, चालता येत असेल तर चालतो. महापालिकेत पस्तीस वर्षं पाण्याचा चावीवाला म्हणून काम केलं, खांद्यावर ती लांब लोखंडी चावी घेऊन गल्ल्यागल्ल्यांतले व्हॉल्व्ह फिरवत हिंडलो, हे तुम्ही नंतर सांगितलंत. आम्ही सगळे रस्त्यावरून चालायचो आणि तुम्हाला रस्त्याखालचंही शहर माहीत होतं. इथून मोठी पाइप जाते, इथं तिचा सांधा गळतो, म्हणून हे लिंबाचं झाड उन्हाळ्यातही हिरवं असतं. मी जन्मभर नकाशे शिकवले, पण असा नकाशा मी पाहिला नव्हता. रांगेत पुढं कधीच आला नाहीत तुम्ही. जो सगळ्यांत हळू चालेल त्याच्या बरोबरीनं राहायचात आणि त्याला काहीतरी सांगत राहायचात, म्हणजे आपण मागं पडलोय हे त्याच्या लक्षातच यायचं नाही. टॉवेलच्या कारखान्यात जन्मभर यंत्रमागासमोर उभं राहून पारूबाईंचे गुडघे गेलेत, पण तुमच्यासोबत त्या सात किलोमीटर चालल्या. घरी जाऊन त्यांनी सुनेला सांगितलं की आज लई जवळ गेलो होतो.

आपल्या मंडळाचे नियम दोनच आहेत आणि दोन्ही मीच केलेले. ज्या वाटेवर आधी स्वतः चालून आलो नाही, त्या वाटेवर माणसं न्यायची नाहीत. म्हणून दर गुरुवारी ईरप्पाची रिक्षा घेऊन मी आधी वाट बघून येते. ईरप्पा तर आता मला विचारतो, "म्याडम, ह्या आठवड्यात कुटलं रान?" आणि दुसरा नियम वळणाचा. सरळ वाटेवर माणसांची रांग असली की मागचं दिसत नाही. म्हणून वाट वळली की पुढच्यानं थांबून मागं बघायचं, शेपटानं हात वर करायचा, म्हणजे सगळे आहेत, कुणी राहिलं नाही. मग शिट्टी, आणि मग पुढं. तुम्ही हात वर करताना नेहमी रांगेतून एक पाऊल बाजूला व्हायचात, मला नीट दिसावं म्हणून. चार वर्षं आपण दर रविवारी एकत्र चाललो, त्रिंबकराव, आणि एकदाही शेजारी शेजारी चाललो नाही. मध्ये कायम वीस माणसं. आपली सगळी ओळख वळणावरची.

आता थोडं लाजेचं सांगते. कंबर तलावापासून वनविहारापर्यंत जायला दोन वळणं लागतात. माझ्या वाटेनं नऊ लागायची. होटगी तलावाला जायला बैलगाडीची सरळ वाट आहे, ती मी कधी शेवटपर्यंत धरलीच नाही. बांधावरून, ओढ्याच्या काठानं, कुणाच्या तरी विहिरीला वळसा घालून नेलं सगळ्यांना. दिग्विजयनं एकदा फोनवर आपण चाललेली रेघ दाखवली, तर ती जिलेबी दिसत होती. मी त्याला सांगितलं, अशानं निसर्ग जास्त बघायला मिळतो. तो बिचारा हो म्हणाला. पारूबाई मात्र लुगड्यातली कुसळं वेचता वेचता हळूच म्हणाल्या, "बाई, निसर्ग फुडं असतोय का मागं? तुमी तर मागंच बगत असता की." मी त्यांना दटावलं. शाळेत असते तर वर्गाबाहेरच काढलं असतं. पण घरी आल्यावर आरशात बघितलं, तर साठी ओलांडलेली ही बाई चक्क हसत होती. आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली. घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी ते हसू पुसलं नाही.

डिसेंबरातल्या त्या रविवारी काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे, निदान सगळ्यांना जेवढं माहीत आहे तेवढं. होटगी तलावामागच्या माळावर आपण होतो. पाण्यावर लांब मानेची बदकं उतरली होती. गवत सोन्यासारखं पिवळं झालं होतं आणि वारा आला की सगळा माळच एका अंगाला कलायचा. तुमचा पाय जुन्या चरात गेला, घोटा मोडला आणि ईरप्पानं तुम्हाला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी प्रदीप पुण्याहून आला. चांगला मुलगा आहे तो, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो म्हणाला, "बाबा, तुमचा तोल जातोय आता. एकटं नाही राहायचं." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. आणि मी काय म्हटलं ते आठवतं तुम्हाला? मी म्हटलं, वय झालं की काळजी घ्यायलाच हवी. त्रिंबकराव, त्या वाक्यासाठी मला कधी माफ करू नका.

गेल्या आठवड्यात प्लास्टर निघाल्यावर मी तुम्हाला बघायला आले, तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं असूनही तुम्ही खुर्चीत बसून होता. मला म्हणालात, "पायच ऐकंना झालेत बाई. झालं आपलं चालणं." पाणी आणायलाही उठला नाहीत, शेजारच्या पोरीला हाक मारलीत. गल्ल्यागल्ल्यांतून जड चावी घेऊन फिरलेला माणूस सहा आठवड्यांत म्हातारा झाला होता, आणि तो घोट्यामुळं झाला नव्हता. घरी आले आणि जेवून जरा आडवी झाले, तर डोळ्यांसमोर तो माळ आला. वाट नव्हती, गुडघाभर गवत होतं आणि त्यातून आपली सगळी माणसं कुणी न सांगता, न बोलता चालत होती. पायांचा आवाज नव्हता. मी थांबून मागं पाहिलं, तर माणसं येतच राहिली, एकामागून एक, आणि शेवट काही येईना. दचकून उठले तेव्हा चार वाजले होते.

म्हणून काल गुरुवारी ईरप्पाला घेऊन मी तिथं गेले. त्याला म्हटलं, तू रिक्षातच बस. पण मी पाण्याची बाटली विसरले, ती द्यायला तो माझ्यामागून गवतातून आला. त्याला सावध करायला तोंड उघडेपर्यंत गडी गुडघ्यापर्यंत खाली. "अय्यो शिवने! म्याडम, हितं खड्डा हाय की! वरनं गवत मिळालंय, कुणाच्या बापाला दिसंल?" त्याला लागलं नाही, नुसती पँट मळली. पण तीस वर्षांचा, बैलासारखा मजबूत माणूस, सकाळी दहाच्या लख्ख उन्हात, नेमका तिथंच. पाणी जिरवायला कुणीतरी कधीकाळी खणलेला चर आहे तो. दोन्ही काठांचं गवत वाढून एकमेकांत गुंतलंय. मी काठी घालून पाहिली, ती निम्मी आत गेली. त्याच्या काठावर मी बराच वेळ बसून होते. ईरप्पाला वाटलं मला चक्कर आली.

चक्कर आली नव्हती. ती जागा बघायला मी काल पहिल्यांदाच आले होते, माणसं नेऊन झाल्यावर, हे मला कळत होतं. डिसेंबरातल्या त्या आठवड्यात गुरुवारी मी फक्त गाडीवाट बघून आले होते. रविवारी ती वाट फार सरळ वाटली, पाऊण तास झाला तरी तुम्ही दिसला नव्हता, म्हणून समोरचं हिवराचं झाड धरून मी सगळ्यांना गवतात वळवलं. माझाच नियम मोडला, आणि तोही एवढ्यासाठी. वळण आलं, मी थांबले, मागं बघितलं. दवाखान्यात हे सांगितलं असतं, तर ते वळण का घेतलं हे प्रदीपनं विचारलं असतं आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. तुमचं म्हातारपण कबूल करणं मला त्यापेक्षा सोपं वाटलं. हे फोनवर सांगितलं असतं, तर तुम्ही 'जाऊ द्या बाई' म्हणून ते पोटात ठेवलं असतं आणि गाडीत बसला असता. म्हणून कागदावर लिहिलंय. हे पत्र प्रदीपला वाचायला द्या. सगळं वाचू दे, पारूबाईंचं बोलणंसुद्धा, आणि बाईंबद्दल त्याला काय वाटायचं ते वाटू दे. मला तुम्ही इथं हवे आहात, हेही त्याला कळू दे. तरीही पुण्याला जावंसं वाटलं तर मुलाच्या ओढीनं जा, आनंदानं जा. पण पाय संपले म्हणून जाऊ नका. तुमचा तोल गेला नव्हता, त्रिंबकराव. मी तुमच्याकडं बघत होते, आणि मला नीट दिसावं म्हणून तुम्ही एक पाऊल बाजूला झालात, एवढंच झालं.

तुमचीच,
शिवलीला