ताटावर आखडलेला हात

भडगाव, रविवार, दिवेलागण

संताप शमत नाही, म्हणून लिहितो. राजकारणातून निवृत्त होत असलेले आमचे आमदार आबा आज निरोप घेण्याच्या निमित्ताने माझ्या थोरल्या बहिणीच्या गावी, तिच्याच घरी जेवायला आले. अक्काने भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. आबांनी हात आखडून घेतला आणि रुसलेल्या जावयासारखे म्हणाले, “अक्का, शेवटनं मागनं शे. मन्हा पुतण्याले मत देसू म्हण, तवयच घास लिसू.”

माणूस भला आहे असे क्षणभर मानू. त्यावरून पुतण्या लायक कसा ठरतो? आणि भला तरी कशावरून? घरोघरी नळ देण्याचे वचन त्यांनी प्रत्येक निवडणुकीत दिले. नळ आजही नाही. त्यामुळेच अक्का या खेपेस विरोधात मत देणार होती.

पण भरीत निवत होते आणि तो हात आखडलेलाच. अक्काने शब्द दिला.

जेवण उरकून आबा अंगणात जमलेल्या गावच्या पुढाऱ्यांशी बोलायला गेल्यावर मी अक्काला म्हणालो, “मतदान गुप्त असते. असले वचन बंधनकारक नाही.”

“नाना, तुन्हा कायदा तुन्हाजोडे ठेव. घर उनेल माणूसले उपाशी कसं धाडू? सबद दिधा शे.”

म्हणजे वचन मोडणारा मोकळा आणि देणारी बांधलेली! हा कोणता न्याय?

शब्द मिळताच तो आखडलेला हात किती लगबगीने भरितात गेला होता! भरीत तिखट होते. आबांनी पाणी मागितले. अक्काने विहिरीवरून डोक्यावर वाहून आणलेल्या हंड्यातला तांब्या पुढे केला. तो रिकामा करून त्यांनी आणखी मागितले.