त्यांच्या डोळ्यांत पाणी नाही आलं

बाभुळगाव, मंगळवार, संध्याकाळ

ह्यांनी मेडिकलमधून कोरोनाचं किट आणलं अन् आरशासमोर उभं राहून काडी स्वतःच नाकात फिरवली. पट्टीवर एकच रेघ आली. "पाह्य, काहीच नाही मले!" म्हणे. लगेच खुशीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला अन् बापलेकांनी एकाच पन्नीतून खाल्ला. मामाजींले, माह्या सासऱ्यायले, तं दमा.

पण ह्यांच्या डोळ्यांत पाणी नाही आलं. मागे सरकारी दवाखान्यात सिस्टरनं माह्या नाकात काडी घातली, तं डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. ह्यांनी तं नाकाच्या तोंडाशीच गुदगुली केली. मग ती रेघ खरी कशी? बोलली तं म्हणाले, "तुले कायले एवढा शक?"

शक नाही, भेव वाटून राह्यलं. पाणी काहून नाही आलं?

किटात दुसरी काडी अन् पट्टी होती. आत्ता कडी लावून ती मी माह्या नाकात घातली, डोळे भरून येईपर्यंत. दोन रेघा आल्या. मले तं साधी सर्दीही नाही. सकाळपासून सगळ्यायचा सैपाक मीच केला.

बाहेरून मामाजींचा आवाज येऊन राह्यला, "सूनबाई, चहा मांड वं."